धागा : फुप्फुसातला कर्करोग डोळ्यात आणि डोळ्याच्या नसेपर्यंत पोहोचला आहे; आधी डोळा वाचवावा की अहवालाची वाट पाहावी?

कृष्णाकाठ (४ ऑगस्ट)

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे, वाळवा तालुक्यात राहते आणि तिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. यंदा आषाढी कधी आहे हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहताना चौकटींच्या उभ्या रेघा मध्येच आत चेपल्यासारख्या वाकलेल्या तिला दिसल्या. डावा डोळा झाकला की रेघा वाकत आणि उजवा झाकला की सरळ होत. हा प्रयोग तिने स्वतःच शोधून काढला आणि पावसाळी हवेने कागद फुगला असेल, अशी स्वतःची समजूतही घालून घेतली. नंतर गावात चष्म्याचा नंबर बदलून झाला आणि ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हेही ऐकून झाले. या सगळ्यात पाच आठवडे गेले.

शेवटी आम्ही तिला पडद्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून आतून तपासले, डोळ्याची सोनोग्राफी केली आणि आम्हाला समोर बसवून पहिलाच प्रश्न विचारला, “यांना खोकला किती दिवसांपासून आहे?” खोकला मार्चपासून होता; आम्ही तो फोडणीच्या ठसक्यावर ढकलला होता.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ दिसली आणि बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) निघाला. उजव्या डोळ्यात पडद्यामागे पिवळसर गाठ आहे, तिच्याभोवती पाणी साचले आहे आणि गाठीची कड डोळ्याच्या नसेला टेकल्यामुळे नसेचे तोंड सुजले आहे. नेत्रतज्ज्ञ म्हणतात की रेडिएशन लगेच सुरू करावे. कर्करोगतज्ज्ञ म्हणतात की जनुकीय तपासणीचा अहवाल दहा-बारा दिवसांत येईल आणि गोळी लागू पडणारी असेल तर फुप्फुस आणि डोळा या दोन्हींचे काम तीच करील. दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि आमची अडचण तीच आहे. कोणाच्या घरी हा प्रसंग आला असल्यास काय केले, ते कृपया लिहावे.

नेत्रपटल (४ ऑगस्ट)

मी रेटिनाचे, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचे, काम करतो. आपल्या आईंना तपासलेले नसल्याने सल्ला देणार नाही. फक्त हा आजार डोळ्यात कसा वागतो ते लिहितो.

रेटिनाच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा एकट्या या थराला मिळतो. रक्तातून वाहत आलेल्या कर्करोगपेशी डोळ्यात पोहोचल्या तर बहुधा तिथेच अडकतात. इतर अवयवांतून निघालेल्या पेशींना सहसा आधी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या चाळणीतून जावे लागते. फुप्फुसातल्या गाठीच्या वाटेत ही चाळणीच नाही. तिच्या पेशी फुप्फुसाच्या शिरेतून हृदयाच्या डाव्या बाजूला, तिथून महाधमनीत, मानेच्या धमनीत आणि पुढे डोळ्याच्या धमनीत थेट जाऊ शकतात.

फिलाडेल्फियातील विल्स नेत्ररुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९७ साली ४२० रुग्णांच्या ५२० डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८८ टक्के गाठी कोरॉइडमध्ये होत्या. मूळ आजार ४७ टक्के रुग्णांत स्तनाचा आणि २१ टक्क्यांत फुप्फुसाचा होता. मात्र ३४ टक्के रुग्णांना डोळ्याची तक्रार घेऊन येईपर्यंत आपल्याला कर्करोग आहे हे ठाऊकच नव्हते, आणि पुढे शोध घेतल्यावर ज्यांचे मूळ सापडले त्यांच्यात फुप्फुस सर्वांत पुढे होते. स्तनाच्या कर्करोगाचे निदान बहुतेक वेळा आधीच झालेले असते. फुप्फुसातली गाठ मात्र खोकल्याच्या आडोशाने लपून राहते आणि कधी कधी डोळ्यातून पहिल्यांदा बोलते. आपल्या डॉक्टरांनी खोकल्याविषयी विचारले ते यामुळेच.

नसेची गोष्ट निराळी आहे. कोरॉइडमधल्या गाठीमुळे पडद्याखाली साचलेले पाणी उपचारानंतर ओसरू शकते आणि बरीच नजर परत येऊ शकते. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या या नसेत सुमारे बारा लाख तंतू असतात. त्यांपैकी जे मेले ते पुन्हा उगवत नाहीत. नेत्रतज्ज्ञांची घाई या फरकातून आलेली आहे.

सदाशिवपेठी (४ ऑगस्ट)

आईंना लवकर आराम पडो. एक शंका आहे. ज्या बाईंनी कधी विडी ओढली नाही त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कसा होतो? बायोप्सीचा अहवाल दुसरीकडे तपासून घ्यावा, असे मला वाटते.

रानवारा (५ ऑगस्ट)

सदाशिवपेठी, बायोप्सीचे दुसरे मत घेण्याला कोणाची हरकत नसावी, पण कारण हे नसावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१२ साली मांडलेल्या रुग्णांच्या नोंदीत धूम्रपान न करणारे जवळपास निम्मे होते. विडी-सिगारेटचा संबंध पक्का आहे, पण विडी न ओढणाऱ्याला हा आजार होतच नाही, असे त्यातून निघत नाही. माझ्या आजीने चाळीस वर्षे तुऱ्हाट्या आणि शेणी जाळून स्वयंपाक केला. त्या धुराची नोंद कोणी सिगारेटींत करत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये बहुतेक वेळा ॲडेनोकार्सिनोमाच निघतो आणि गोळी लागू पडणारे जनुकीय बदल त्यांच्यातच अधिक सापडतात. त्यामुळे कृष्णाकाठ यांचे कर्करोगतज्ज्ञ अहवालासाठी थांबायला म्हणतात ते उगीच नव्हे.

माणदेशी (५ ऑगस्ट)

आमच्या घरी हे दुसऱ्याच वाटेने घडले. माझ्या थोरल्या भावाच्या छातीच्या फोटोत डाग दिसला, वजन उतरले होते आणि संध्याकाळी अंगात कणकण असायची. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरीही क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात डाव्या डोळ्याला अंधुक दिसू लागले. एका दवाखान्यात सांगितले की क्षयाच्या गोळ्यांतल्या इथॅम्ब्युटॉलचा हा परिणाम आहे. ती गोळी बंद केली आणि आम्ही नजर परत येण्याची वाट पाहत बसलो. नजर आली नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत गाठ असल्याचे सांगितले, तेव्हा तीही क्षयाचीच असेल असे आम्ही धरून चाललो, कारण क्षयाचीही गाठ त्याच थरात होते म्हणे. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तुकडा तपासायला पाठवला त्या दिवसापर्यंत पाच महिने उलटले होते. दोष कोणाला द्यावा हे मला अजून कळलेले नाही. आमच्या तालुक्यात छातीवर डाग म्हणजे क्षय हे गणित शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत बरोबरच सुटते.

नेत्रपटल (५ ऑगस्ट)

माणदेशी, आपला अनुभव वाचून वाईट वाटले. हा गोंधळ क्षय घरोघर असलेल्या देशात वारंवार होतो, म्हणून एक फरक नोंदवतो. इथॅम्ब्युटॉलमुळे नसेला इजा होते ती बहुधा दोन्ही डोळ्यांत आणि साधारण सारखीच. मधोमध अंधुक दिसते आणि लाल-हिरव्या रंगांची ओळख मंदावते. तिचा संबंध मात्रेशी, किती दिवस गोळी घेतली त्याच्याशी आणि मूत्रपिंडाच्या कामाशी असतो. एकाच डोळ्याची नजर गेली, रेघा वाकड्या दिसल्या किंवा एका बाजूला पडदा ओढल्यासारखे वाटले, तर गोळीवर दोष टाकून थांबू नये. बाहुलीवर आळीपाळीने बॅटरीचा झोत टाकण्याची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. एकाच नसेत बिघाड असेल तर झोत त्या डोळ्यावर येताच बाहुली लहान होण्याऐवजी मोठी होते.

तिसराप्रहर (६ ऑगस्ट)

मी न्यू जर्सीत राहते. वडील नाशिकला होते. त्यांच्या कोरॉइडमध्ये काहीच नव्हते, आजार थेट नसेत होता. सुरुवातीला ‘नसेला सूज आली आहे’ असे निदान होऊन स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेली. चार दिवसांत त्यांना वर्तमानपत्राचे मथळे दिसू लागले आणि आम्ही पेढे वाटले. स्टेरॉइड कमी करताच नजर पुन्हा गेली, आणि या वेळी आधीपेक्षा अधिक. स्टेरॉइडने कर्करोगाभोवतीची सूजही तात्पुरती उतरते, हे आम्हाला फार उशिरा समजले. ज्या नेहमीच्या सुजेत स्टेरॉइड देतात ती बहुधा विशी ते चाळिशीतल्या माणसांना होते, आणि त्यांना डोळा हलवताना दुखते. वडील ६८ वर्षांचे होते आणि त्यांना काहीही दुखत नव्हते.

कृष्णाकाठ, एक गोष्ट नक्की विचारून घ्या. मेंदूचा आणि डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन झाला आहे का? वडिलांचे पेट स्कॅन झाले होते आणि ‘मेंदू स्वच्छ’ असा समज करून घेऊन आम्ही निर्धास्त होतो. ते स्कॅन साखर अधिक खाणाऱ्या जागा दाखवते; मेंदू मुळातच साखर भरपूर खातो, त्यामुळे तिथले बारीक ठिपके त्या स्कॅनमध्ये झाकले जातात. मेंदूवरची आवरणे डोळ्याच्या नसेभोवतीही असतात आणि त्यांच्यामधले पाणी एकच असते. आजार त्या पाण्यात उतरला असेल तर डोळ्यापुरता उपचार पुरत नाही. वडिलांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात पेशी सापडल्या तेव्हा आम्हाला हे कळले.

वनौषधीप्रेमी (६ ऑगस्ट)

सर्वांचे अनुभव वाचले. रेडिएशनने डोळा कोरडा पडतो आणि पुढे मोतीबिंदूही होतो, हे कोणी लिहिलेले दिसत नाही. त्यापेक्षा डोळ्यात गाईच्या तुपाचे थेंब आणि सकाळी त्राटक यांनी माझ्या मावशीचा नंबर दोनने उतरला होता. निदान अहवाल येईपर्यंत करून पाहायला काय हरकत आहे?

बोलघेवडा (६ ऑगस्ट)

वनौषधीप्रेमी, मावशींचा नंबर उतरला याचा आनंद आहे, पण त्यांच्या डोळ्यात गाठ नव्हती. सूज आलेल्या नसेच्या डोळ्याने ज्योतीकडे टक लावून पाहण्याचा सल्ला म्हणजे पाय मोडलेल्याला पंढरीची वारी सुचवण्यासारखे आहे. तूप पुरणपोळीवर राहू द्यावे.

किरणशलाका (६ ऑगस्ट)

मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. वनौषधीप्रेमी यांनी सांगितलेले दुष्परिणाम खरे आहेत. उपाय खरा नाही. डोळा कोरडा पडतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मोतीबिंदू येऊ शकतो, रेटिनाला आणि नसेलाही इजा होऊ शकते. म्हणूनच मात्रा मोजून देतात. कोरॉइडमधल्या गाठीसाठी साधारण ३० ते ४० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा दोन ते चार आठवड्यांत विभागून देण्याची पद्धत आहे. नस सुमारे ५० ग्रेपर्यंत बहुधा तग धरते, त्यामुळे या मात्रेत अंतर राखलेले असते.

आमच्याकडचे रुग्ण याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. घरच्यांना भीती वाटते ती मुखवट्याची, म्हणून तेवढे सांगतो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार पांढरी चकती चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि काही मिनिटांत ती घट्ट होते. तीच पुढे रोज वापरतात, कारण डोके तसूभरही हलून चालत नाही. मशीनखालचा वेळ काही मिनिटांचाच असतो आणि दुखत काहीही नाही.

पैलतीर (७ ऑगस्ट)

मी कदाचित अप्रिय लिहीत आहे. आजार डोळ्यापर्यंत आला म्हणजे तो चौथ्या टप्प्यात आहे, आणि हे कोणीच स्पष्ट लिहिलेले नाही. माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही डोळ्याच्या मागे लागून तीन आठवडे रोज साठ किलोमीटर जाऊन येत होतो. त्या प्रवासाने ती इतकी थकली की केमो पुढे ढकलावी लागली. उरलेले दिवस मोजके असतील तर एका डोळ्यासाठी ते खर्चावेत का, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत. तो घरातल्यांनीच विचारावा लागतो.

तिसराप्रहर (७ ऑगस्ट)

पैलतीर, आपण लिहिले ते योग्यच आहे, फक्त त्याचे उत्तर प्रत्येक घरी निराळे येते. वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याची नजरही गेली, तेव्हा त्यांच्या दिवसाचा आकारच गेला. औषध कोणते, समोर कोण बसले आहे, रात्र झाली की नाही, हे प्रत्येक वेळी विचारावे लागे. त्यांना दुखण्यापेक्षा या विचारण्याचा त्रास अधिक झाला. मात्र प्रश्न घरातल्यांनी विचारावा असे आपण लिहिता, तिथे मी ‘रुग्णाने’ असे म्हणेन. आम्ही वडिलांना विचारले नव्हते.

हिशेबनीस (७ ऑगस्ट)

अहवालाचा विषय निघाला आहे, म्हणून खर्चाविषयी लिहितो. मेहुण्याच्या निमित्ताने हे सगळे शिकावे लागले. ईजीएफआर या जनुकात बदल निघाला तर दोन मार्ग असतात. जेफिटिनिबसारखी जुनी गोळी भारतीय कंपन्याही बनवतात आणि ती महिन्याला काही हजारांत बसते. ऑसिमर्टिनिब ही नवी गोळी मेंदूत आणि त्याच्या आवरणांत अधिक चांगली पोहोचते, पण छापील किमतीने महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचे सीमाशुल्क माफ झाले. कंपनीच्या रुग्णसाहाय्य योजनेविषयी डॉक्टरांनाच विचारावे. आम्ही दुकानदाराला विचारत बसलो आणि दोन महिने पूर्ण किंमत मोजली.

नवी गोळी परवडली नाही तर सगळे संपले, असे नाही. टाटा रुग्णालयाने ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत एकटी जेफिटिनिब देण्याऐवजी तिच्याबरोबर केमो दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. सरकारी जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. मुंबईत मुक्काम पडला तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी.

अंधारयात्री (८ ऑगस्ट)

धाग्याच्या विषयाला धरूनच, पण वेगळे. माझ्या काकांना फुप्फुसाचा लहान पेशींचा कर्करोग होता आणि त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर जात होती. डोळ्यात मात्र गाठ कुठेच नव्हती. आधी रात्रीचे दिसेनासे झाले आणि मग डोळ्यांपुढे सतत काजवे चमकू लागले. कर्करोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्येच रेटिनाच्या पेशींवर हल्ला करत होती. गाठ डोळ्यात पोहोचल्याशिवाय डोळा कसा जातो, हे काकांना समजावणे आम्हाला जमले नाही. ते म्हणत, “चोर शेजारी आणि मार आपल्याला.”

बोलघेवडा (८ ऑगस्ट)

काकांनी जे एका वाक्यात सांगितले ते आमच्या डॉक्टरांना तीन आकृत्या काढूनही जमले नसते.

सदाशिवपेठी (१२ ऑगस्ट)

रानवारा यांचे म्हणणे पटले. माझी शंका मागे घेतो. कृष्णाकाठ, पुढे काय ठरले?

कृष्णाकाठ (२ सप्टेंबर)

उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे प्रतिसाद मी आईच्या शेजारी बसून वाचून दाखवले. पैलतीर यांचाही वाचला. तो वाचताना मी अडखळलो, तेव्हा तिने “पुढं वाच” म्हणून सांगितले.

तिसराप्रहर यांच्या सूचनेनुसार एमआरआयचे विचारले, तर तो खरोखरच झालेला नव्हता. त्यात मेंदूत काही आढळले नाही. नसेचे आवरण मात्र डोळ्याला लागून असलेल्या भागात चमकत होते. पाठीतले पाणी तपासले, त्यात पेशी नव्हत्या. एवढे हातात आल्यावर दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी फोनवर घेतले आणि दहा मिनिटांत वाद मिटला. गाठ नसेपासून दूर असती तर नेत्रतज्ज्ञही अहवालासाठी थांबायला तयार होते. नसच गुंतलेली आहे म्हटल्यावर कर्करोगतज्ज्ञांनीही थांबण्याचा आग्रह सोडला. आमच्यासमोर जे कोडे होते ते त्या दोघांनी एकमेकांशी बोलल्यावर कोडे राहिले नाही. दोघांना बोलते करण्याचे काम नातेवाइकांनाच का करावे लागते, हे मात्र मला कळले नाही.

आईला विचारले. ती म्हणाली, “एक डोळा बरा आहे म्हणून दुसरा सोडून द्यायचा का? जायचंच असेल तर दोन्ही उघडे ठेवून जाईन.” जवळच्या शहरात खोली घेतली, त्यामुळे रोजचा प्रवास वाचला, ही खबरदारी पैलतीर यांच्यामुळे सुचली. दहा दिवसांत ३० ग्रे असे रेडिएशन झाले. मुखवटा काढल्यावर गालांवर जाळीचे ठसे उमटत. पहिल्या दिवशी आरशात पाहून ती म्हणाली, “मला पुरणाच्या चाळणीतनं गाळलीय.” सातव्या दिवशी अहवाल आला. ईजीएफआरच्या एकोणिसाव्या एक्सॉनमध्ये (जनुकाच्या एका तुकड्यात) बदल आहे. रेडिएशन संपल्यावर ऑसिमर्टिनिब सुरू केली; हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे साहाय्य योजनेचा अर्ज डॉक्टरांमार्फत भरला आहे.

आता खोकला जवळजवळ थांबला आहे. पडद्याखालचे पाणी उतरत आहे. दिनदर्शिकेच्या रेघा अजून वाकतात, पण ‘थोड्याच’ असे ती सांगते. खालचा एक कोपरा काळा दिसतो, तो तसाच राहील असे डॉक्टर म्हणाले.

नेत्रपटल (२ सप्टेंबर)

कळवल्याबद्दल आभार. काळा कोपरा म्हणजे नसेचे झालेले नुकसान आहे. एका पांढऱ्या कागदावर तो कोपरा किती मोठा दिसतो हे दर रविवारी पेन्सिलीने रेखून ठेवावे आणि कागदांवर तारखा घालाव्यात. वाढ झाली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. डाव्या डोळ्यासाठी रेघांची तीच तपासणी रोज करावी.

कृष्णाकाठ (१९ नोव्हेंबर)

कागद नियमित जमा होत आहेत आणि कोपरा वाढलेला नाही. एक नवी तक्रार आहे. आईच्या पापण्यांचे केस विचित्र लांब झाले आहेत आणि चष्म्याच्या काचेला घासतात. शेजारच्या मुली तिला काजळ कोणते लावते म्हणून विचारतात. हा गोळीचा परिणाम आहे, हे डॉक्टरांनी सांगितले. ते कापावेत का?

नेत्रपटल (१९ नोव्हेंबर)

केस बाहेरच्या दिशेने वाढत असतील तर बोथट टोकाच्या लहान कात्रीने दुसऱ्या कोणी तरी जपून कापले तरी चालतात. एखादा आत वळून बुबुळाला टोचत असेल तर घरी ओढू नये, दाखवायला यावे. रेडिएशननंतर तो डोळा कोरडा असणार, बुबुळावर ओरखडा पडायला वेळ लागत नाही.

कृष्णाकाठ (२० नोव्हेंबर)

उजवीकडचे दोन आत वळलेले दिसतात. उद्या सकाळच्या गाडीने नेतो.